बुटाची नाडी

(लंडनमधील एका व्यापाऱ्याने आपले वाढलेले वजन कमी करण्यासाठी सुमारे तीस वर्षे धडपड केली. ही धडपड कशी चालली, ती पुन्हा पुन्हा का फसली आणि शेवटी तिला यश कसे आले, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, मराठीच्या पुस्तकात काही शब्द असे भेटतात, की ते आपल्याच घरातले वाटतात. वजन, खुराक, तब्येत, पैलवान हे शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता आणि शाळेत मराठीत वाचता. त्यांतलाच एक शब्द म्हणजे 'तालीम'. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्ती आणि व्यायाम शिकण्याची जागा. कोल्हापुरात कोणी म्हणाले, ''पोरगं तालमीत गेलंय,'' तर ते दप्तर घेऊन नव्हे, लंगोट घेऊन गेले आहे, असे समजावे! वरवर पाहता हे दोन वेगळे अर्थ वाटतात. पण थोडा विचार केला, तर ते एकमेकांच्या जवळचे आहेत. मनाला शिकवावे लागते, तसे शरीरालाही शिकवावे लागते.

पण शरीर हा फार हट्टी विद्यार्थी आहे. चार दिवस ऐकतो आणि पाचव्या दिवशी विसरतो. तुमच्या ओळखीतही असे कोणी असेल. पहिल्या तारखेपासून रोज पहाटे फिरायला जाण्याचा निश्चय होतो. नवे बूट येतात. पंधरा दिवस फिरणे होते. मग पाऊस लागतो, पाहुणे येतात, परीक्षा येते आणि बूट कोपऱ्यात पडतात. घरचे हसतात. तो माणूस मनातून खट्टू होतो आणि म्हणतो, ''माझ्याच्याने हे होणार नाही.''

अशा माणसाला सांगावी अशी एक खरी हकिकत आहे. ती विल्यम बँटिंग यांची.

बँटिंग हे एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये राहत. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय होता. इंग्लंडच्या राजघराण्यातील अंत्ययात्रांचे कामही त्यांच्याकडे असे. तुमच्या इतिहासात वेलिंग्टनचे नाव येते. याच वेलिंग्टनने १८०३ साली असई येथे मराठ्यांशी लढाई केली होती. हे असई गाव आज जालना जिल्ह्यात आहे. पुढे १८५२ साली वेलिंग्टनची मोठी अंत्ययात्रा लंडनमध्ये निघाली, तेव्हा त्या कामात बँटिंग यांची पेढी होती. एवढे जबाबदारीचे काम करणारा माणूस आळशी असेल का? बँटिंग कामसू होते, नेमस्त होते आणि खाण्यापिण्यात उधळेही नव्हते. त्यांच्या घराण्यात कोणी लठ्ठ नव्हते. तरीही तिशी ओलांडल्यावर त्यांचे अंग वाढू लागले.

ते ताबडतोब एका नामांकित शल्यवैद्याकडे गेले. हे वैद्य त्यांचे स्नेही होते. त्यांनी सल्ला दिला, ''कामाला लागण्यापूर्वी शरीराला मेहनत द्या. नाव वल्हवा.'' बँटिंग यांचे घर नदीजवळ होते. एक चांगली जड नावही त्यांच्या हाताशी होती. ते रोज पहाटे दोन-दोन तास नाव वल्हवू लागले. दंड भरले, अंगात ताकद आली. पण त्याबरोबर भूकही जबर वाढली. भूक लागली, की खाणे आलेच. परिणाम असा झाला, की वजन कमी होण्याऐवजी वाढले! अखेर त्याच स्नेह्याने त्यांना नाव वल्हवणे सोडायला सांगितले.

पहिला प्रयत्न असा फसला. पण बँटिंग यांनी हार मानली नाही. त्यांनी दुसरे डॉक्टर गाठले, तिसरे गाठले. समुद्राची हवा घेतली, समुद्रात स्नाने केली. मैलोन्‌मैल चालले. घोड्यावर बसले. बाटल्यांमागून बाटल्या औषध प्यायले. लेमिंग्टन, चेल्टनहॅम आणि हॅरोगेट या गावांत औषधी पाण्याचे झरे होते. तेथेही ते अनेकदा जाऊन राहिले. प्रत्येक उपायाला त्यांनी पुरेसा वेळ दिला. एक उपाय संपला, की काही दिवस स्वस्थ बसत. मग दुसरा सुरू करीत. अशी वर्षांमागून वर्षे गेली.

मग कोणी तरी तुर्की हमामाचा सल्ला दिला. हमाम तुम्हांला ठाऊक आहे. गरम खोलीत बसायचे, घाम काढायचा आणि अंग चोळून आंघोळ करायची. बँटिंग आठवड्यातून तीनदा हमामात जाऊ लागले. अशी पन्नास स्नाने झाली. वजन किती उतरले? फक्त सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आतच!

मुलांनो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. एवढा पैसा, एवढी मेहनत आणि एवढी चिकाटी असूनही यश का आले नाही?

हमामाचे उत्तर सोपे आहे. घाम म्हणजे पाणी. घाम गेला, की काटा थोडा खाली येतो. तहान लागून दोन पेले पाणी प्यायले, की तो पुन्हा वर चढतो. अंगातली चरबी घामातून वाहून जात नाही.

नाव वल्हवण्याचे उत्तर समजण्यासाठी थोडे गणित करू. आपण खातो त्या अन्नातून शरीराला ऊर्जा मिळते. ही ऊर्जा कॅलरीत मोजतात. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ कॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम तेल-तुपातून सुमारे ९. चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम. आता समजा, एका मोठ्या माणसाने दिवसात चार कप चहा घेतला आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घातली. आठ चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर झाली. तिच्या १६० कॅलरी झाल्या. तेवढ्या खर्च करायला त्याला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ झपझप चालावे लागते. चालून आल्यावर दमला म्हणून त्याने चहाबरोबर चार खारी बिस्किटे खाल्ली, तर हिशेब पुन्हा उलटा झाला. कमवायला वेळ लागतो आणि उडवायला लागत नाही, असे पैशाबद्दल म्हणतात. कॅलरीच्या बाबतीत हे उलटे आहे. येथे कमवायला दोन मिनिटे पुरतात आणि खर्चायला तास लागतो!

याचा अर्थ व्यायाम फुकट जातो, असा मात्र नाही. बँटिंग यांची ताकद वाढली होती, हे विसरू नका. व्यायामाने हृदय, फुप्फुसे आणि हाडे बळकट होतात, झोप चांगली लागते, मन प्रसन्न राहते. वजनाचा काटा हलला नाही, तरी हा फायदा होतोच. पण जेवणाकडे न पाहता केवळ व्यायामाने वजन उतरवणे फार अवघड असते.

आता पुन्हा बँटिंग यांच्याकडे येऊ. १८६२ साल उजाडले. त्यांचे वय पासष्टच्या आसपास होते. उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. आता त्यांना वाकून स्वतःच्या बुटाची नाडीही बांधता येत नसे. जिना उतरताना गुडघ्यांना आणि घोट्यांना हिसका बसू नये, म्हणून ते पाठमोरे होऊन एकेक पायरी उतरत. जरा चढण आली, की धाप लागे. नजर मंदावली होती, कानांनीही कमी ऐकू येऊ लागले होते.

या त्रासांपेक्षाही मोठा एक त्रास होता. तो लोकांचा. रस्त्यात, गाडीत किंवा सभेत लठ्ठ माणूस दिसला, की लोक हसत आणि टोमणे मारत. अशा माणसाला हे शब्द लागतात, म्हणून तो लोकांत जाणेच टाळतो, असे बँटिंग यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या माणसाने तीस वर्षे जिवाचा आटापिटा केला, त्याला रस्त्यावरचा कोणीही दोन क्षणांत आळशी ठरवत होता.

कानांच्या तक्रारीसाठी बँटिंग डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे हे कानांचे डॉक्टर होते. त्यांनी पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार या मोठ्या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली होती. यकृत आणि साखर यांचा संबंध बर्नार यांनी शोधून काढला होता. हार्वे यांना वाटले, की या रोग्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ चरबीत आहे. मग त्यांनी बँटिंग यांच्या रोजच्या खाण्याची चौकशी केली.

बँटिंग यांचे खाणे कसे होते? सकाळी दूध आणि पाव, किंवा भरपूर दूध-साखर घातलेला चहा आणि लोणी लावलेले पावाचे तुकडे. दुपारी मांस, बिअर, पुष्कळ पाव आणि गोड पदार्थ. सायंकाळी पुन्हा सकाळसारखाच चहा. रात्री फळे घातलेला गोड पदार्थ किंवा दूध-पाव. दिसायला हे साधे खाणे होते. पण पाव, साखर, लोणी आणि बिअर दिवसभर पोटात जात होती.

हार्वे यांनी सांगितले, ''पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे शक्य तेवढे टाळा.'' त्यांऐवजी मांस, मासे, बटाट्याशिवाय इतर भाज्या, थोडी फळे, भाजलेल्या पावाचा लहानसा तुकडा आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा त्यांनी सुचवला. त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे यादीत मद्यही होते. ते वजन उतरवण्याचे औषध मुळीच नव्हे. मद्यातूनही शरीराला बरीच ऊर्जा मिळते, हे आज सर्वांना माहीत आहे.

बँटिंग यांनी हे पथ्य ऑगस्ट १८६२ मध्ये सुरू केले. त्यांनी एक चांगली गोष्ट केली. ते ठरावीक दिवसांनी वजन करून त्याची नोंद ठेवू लागले. दर तीन आठवड्यांना कधी दोन, कधी तीन, कधी चार पौंड वजन उतरत गेले. एकदम मोठी घट कधीच झाली नाही. सरासरी पाहिली, तर आठवड्याला एक पौंडही पडत नव्हता. पण तो हिशेब थांबलाही नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये त्यांचे वजन १५६ पौंड भरले. म्हणजे एका वर्षात ४६ पौंड, जवळजवळ २१ किलो वजन कमी झाले. कमरेचा घेर १२ इंचांहून अधिक उतरला. ते जिना सरळ तोंडाने उतरू लागले. आणि ज्या बुटाच्या नाडीपर्यंत हात पोहोचत नव्हता, ती नाडी ते स्वतः बांधू लागले.

आपल्याला जे साधले, ते इतरांनाही कळावे, असे त्यांना वाटले. म्हणून १८६३ साली त्यांनी लोकांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि ते पुस्तिकेच्या रूपाने छापले. पहिल्या प्रती त्यांनी फुकट वाटल्या. पुढे मागणी फार वाढली, तेव्हा ती विकली; पण नफा धर्मादाय कामांना दिला. काही डॉक्टरांनी त्यांची थट्टाही केली. 'हा काही वैद्य नव्हे, याला काय कळते?' असा त्यांचा सूर होता. पण पुस्तिका घरोघरी पोहोचली. इंग्रजीत त्यांच्या नावावरून पथ्य करण्याला नवे क्रियापद तयार झाले. स्वीडनच्या भाषेत आजही वजन उतरवण्याला 'बान्ता' म्हणतात. बँटिंग १८७८ साली वारले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

मग आपणही बँटिंग यांच्यासारखेच खावे का? नाही. ते पथ्य त्या माणसासाठी, त्या वयात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने होते. तुम्ही वाढत्या वयाची मुले आहात. तुमची हाडे अजून वाढत आहेत. दूध, डाळ, भाकरी, भाजी, अंडी, फळे यांची तुम्हांला गरज आहे. बारीक दिसण्यासाठी उपाशी राहणे तुमच्या वयात धोक्याचे आहे. वजन खरोखर जास्त आहे असे वाटले, तर आईवडिलांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. मात्र बाटलीतले गोड पेय, रोजचे तळलेले पदार्थ आणि कपाकपात वाढणारी साखर कमी करायला कोणाचीच हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगाला श्रम देणारे खेळ किंवा व्यायाम करावेत. यासाठी पैसे लागत नाहीत. कबड्डी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, सायकल, शाळेपर्यंत पायी जाणे हे सारे त्यात येते.

बँटिंग यांना माहीत नव्हती, अशी एक गोष्ट आज आपल्याला माहीत आहे. १९९४ साली न्यूयॉर्कमधील शास्त्रज्ञांनी लेप्टिन नावाचे द्रव्य शोधून काढले. आपल्या शरीरातील चरबी हे द्रव्य रक्तात सोडते. 'साठा पुरेसा आहे,' असा निरोप ते मेंदूला देते. चरबी कमी झाली, की लेप्टिन कमी होते. मग मेंदू घाबरतो आणि भूक वाढवतो. १९९९ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी भूक जागवणारे घ्रेलिन हे द्रव्य शोधले. ते जठरात तयार होते. वजन उतरलेल्या माणसाला अधिक भूक लागते आणि त्याचे शरीर ऊर्जाही जपून वापरू लागते. शरीर आपल्याला दुष्काळातून वाचवण्याचा प्रयत्न करीत असते. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की दुष्काळ नाही, पथ्य चालू आहे! म्हणूनच उतरलेले वजन पुन्हा वाढते. हा केवळ त्या माणसाच्या मनाचा दुबळेपणा नसतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली गोष्ट अशी, की थांबलेला प्रयत्न म्हणजे संपलेला प्रयत्न नव्हे. पंधरा दिवस चालून कोणी थांबला, तर त्याने सोळाव्या दिवशी, नाही तर विसाव्या दिवशी पुन्हा निघावे. पण निघण्यापूर्वी मागच्या वेळी काय चुकले, ते शोधावे आणि वहीत लिहावे. बँटिंग यांनी अनेक उपाय करून पाहिले; पण यश आले ते चुकीचे नेमके ठिकाण सापडल्यावर आणि लहान लहान घट धीराने मोजत गेल्यावर.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तुमच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी जाड असेल. धावताना त्याला धाप लागते, कवायतीत तो मागे राहतो. त्याला नावे ठेवणे फार सोपे असते. पण कोणाचे वजन हसण्याने उतरल्याचे कधी ऐकले आहे का? हसणाऱ्यांच्या भीतीने तो मैदानावर येणेच सोडतो आणि त्याचे वजन आणखी वाढते. खेळाच्या तासाला त्याला आपल्या संघात घ्या. तो हळू धावला, तरी त्याच्याबरोबर धावा. तुमच्या सोबतीने तो रोज मैदानावर आला, तर त्याच्या शरीराची तालीम सुरू झाली, असे समजा.

शब्दार्थ

अंत्ययात्रा – जनाजा, मृताची मिरवणूक
नेमस्त – बेताने वागणारा
शल्यवैद्य – जर्राह, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
पथ्य – परहेज, खाण्यापिण्याचा नियम
यकृत – जिगर
जठर – मेदा, पोटातील अन्नाची पिशवी
धर्मादाय – खैराती
टोमणा – ताना, लागेल असे बोलणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बँटिंग यांच्या घराण्याचा व्यवसाय कोणता होता?
(आ) नाव वल्हवल्यामुळे बँटिंग यांचे वजन का वाढले?
(इ) पन्नास तुर्की स्नानांनंतर त्यांचे वजन किती उतरले?
(ई) लेप्टिन मेंदूला कोणता निरोप देते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) बँटिंग जिना पाठमोरे उतरत.
(आ) उतरलेले वजन पुन्हा वाढते.
(इ) मुलांनी बँटिंग यांचे पथ्य जसेच्या तसे करू नये.

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
हार न मानणे, जिवाचा आटापिटा करणे, नावे ठेवणे, खट्टू होणे.

प्र. ४. पुढील शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगा. ते सारखे आहेत की वेगळे, ते लिहा.
तालीम, वजन, खुराक, तब्येत.

उपक्रम : तुमच्या घरी एका आठवड्यात किती साखर लागते, ते आईला विचारा. घरातील माणसांची संख्या लक्षात घेऊन प्रत्येकाच्या वाट्याला रोज किती ग्रॅम साखर येते, याचे गणित वहीत मांडा.